विनाविलंब

कायद्यात एक शब्द आहे, विनाविलंब.
परवानाधारक वारला की वारसाने शस्त्र
विनाविलंब जमा करावे, जवळच्या ठाण्यात.
बाबांची तेरवी व्हायची होती.
आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली बारा बोअरची दुनाळी
कडेवरच्या पोरासारखी धरून
मी नरेशच्या गाडीवर मागे बसले.
गोळीबार चौकातून तहसील ठाण्यापर्यंत
मांडीला काहीतरी टोचत राहिलं.
घोडा असेल, म्हटलं.

गोळीबार चौकात जन्म काढून
डोमाजी हेडाऊंनी कुणावर गोळी झाडली नाही.
आजोबांचा माग थांबला तेव्हा
धोट्याच्या जागी त्यांनी बंदूक घेतली, हप्त्यानं.
बँकेला स्वतःची बंदूक असलेला माणूस हवा होता.
बावीस वर्षं इतवारीच्या शाखेत, दारातल्या स्टुलावर,
लोकांच्या पैशाशेजारी.
त्यांच्या पासबुकातली शेवटची शिल्लक
चार हजार एकशे बारा.

मुन्शी गोंडाणे चष्मा कपाळावर सारत म्हणाला,
"नंबर वाचा ताई, नळीवरचा."
वाचायची गरज नव्हती.
अंक मी त्या नळीवरच शिकले.
सात. शून्य. तीन, तीन,
(या दोघी बहिणी, बाबा सांगायचे, शेजारी बसल्या)
आणि पाय दुमडलेला नऊ.
गोंडाणेनं एकदा माझ्याकडे, एकदा नळीकडे पाहिलं.

मग काडतुसं.
खरेदी दहा. चाचणीत वापरली दोन.
टेबलावर सात.
"एक कमी हाय ना बाप्पा."
नरेशनं मोजली. मी मोजली.
पितळेची बुडं, लाल अंगं, सातच.
"हरवलं लिहान तं तक्रार लागते,
वापरलं लिहान तं कुठं, कशावर, ते लागते.
बोला, काय लिहू?"

मला आठवलं ते मी बोलले नाही.
बँकेनं एजन्सीचे गार्ड आणले तो उन्हाळा.
बाबा दिवसभर गच्चीच्या जिन्यात बसायचे,
कूलरमध्ये पाणी टाकायचं कुणाला सुचायचं नाही,
आणि आई रोज रात्री दिवा बंद करायच्या आधी
कपाटातला डबा काढून
ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायची.
आम्हाला वाटायचं जप आहे.
पुढे कधीतरी तो थांबला. बाबा कापडाच्या दुकानात लागले.
तेव्हा आठ होती की सात,
विचारायला आता तीही नाही.

"खुलासा नंतर सादर करतील," असं लिहून
गोंडाणेनं पावती फाडली. कार्बन उलटा लागला होता,
पुन्हा फाडली.

ठेवायची असेल तर पुढचं असं:
महापालिकेचा मृत्यूचा दाखला,
भावाचं ना-हरकत, स्टॅम्पपेपरवर,
बंदूक हाताळायला शिकल्याचं प्रमाणपत्र,
मग अर्ज, सिव्हिल लाइन्सला, कमिशनर ऑफिसात.
मग शिपाई घरी येणार, शेजाऱ्यांना विचारणार,
बाई तापट आहे का.
"इकून टाक ना," नरेश गाडीला किक मारत म्हणाला,
"भिलाईले मी कुठं नेऊ हे? तुले तरी कायले पाहिजे?"
अर्जातही तोच रकाना आहे,
शस्त्र कशासाठी हवे.
पुढे दोन ओळी जागा.
पिकं नाहीत. जिवाला धोका नाही.
स्टुलावर बसून चोवीस तास नुसतं तयार राहणं,
हे कोणत्या कारणात बसतं?

घरी येऊन लुगडं झटकलं.
तेलाचा वास, गंजाची एक रेघ,
आणि पदराच्या टोकाला गाठ.
आई पैसे बांधायची तशी, दुहेरी,
दातांनीच सुटेल अशी.
आत बोटभर लांब, टणक.

शेजारच्या बायका तेरवीच्या पुऱ्यांचं पीठ विचारायला आल्या.
पाच किलो म्हटलं, की सात म्हटलं, आठवत नाही.
गाठ अजून सोडलेली नाही.
पावती फ्रिजवर आहे,
तहसील ठाणं पायी पंधरा मिनिटं.